रेडिओकाका सिनेमा शिकतात

रेडिओकाकांनी उभ्या आयुष्यात एकही दार मुकाट्याने उघडू दिलं नव्हतं. त्यांच्या नाटकात दार वाजलं की कुणीतरी म्हणायचंच, "कोण, तू? एवढ्या उन्हात पायी आलास? आणि हातात ही बंदूक कसली?" त्यात त्यांचा दोष नव्हता. ते रेडिओसाठी नाटकं लिहायचे. तिथे ऐकणाऱ्यासमोर नुसतं एक खोकं असतं; जे कुणी बोललं नाही ते घडलंच नाही. बंदूक आहे हे आधी सांगितलं नाही आणि मग ठो असा आवाज आला, तर लोकांना वाटणार फुगा फुटला. हे काम काकांनी जन्मभर इमानेइतबारे केलं आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. रेडिओ केंद्रावर आणि केंद्राबाहेर सगळे त्यांना रेडिओकाकाच म्हणत.

मग केंद्राने नाटक विभाग बंद केला. नाटकाच्या वेळेत जुनी गाणी लागू लागली आणि काका घरी बसले. बायको गणिताची शिक्षिका, तीही नुकतीच निवृत्त झालेली. तिने दोन आठवडे पाहिलं आणि म्हणाली, "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. तुम्ही तरी बाहेर पडा, नाहीतर मी पडते."

काम आलं ते चिमणीकडून. चिमणी लहानपणी काकांच्या नाटकांत मुलांचे आवाज काढायची: हरवलेली मुलगी, तापाने फणफणलेला मुलगा, अडीनडीला मांजरसुद्धा. तेव्हा पडलेलं नाव काकांच्या तोंडून गेलं नव्हतं. आता ती केस बारीक कापलेली, दोन-दोन फोन बाळगणारी दिग्दर्शिका झाली होती. आजवर तिने जाहिराती केल्या होत्या. हा पहिलाच चित्रपट. गोष्ट तिची स्वतःचीच होती. एक म्हातारं जोडपं लाँड्री चालवतं. इमारत पाडणार आहेत, दुकान सोडावं लागणार आहे. त्यात बाईच्या हाताची संवेदना हळूहळू जाते आहे. इस्त्रीचा चटका बसतो तरी तिला कळत नाही, आणि ती हे नवऱ्यापासून लपवते.

"पटकथा आणि संवाद तुम्ही लिहा, काका," चिमणी म्हणाली. "घरातल्या माणसांचं बोलणं तुमच्याइतकं कुणाला येतं?"

काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी झपाटल्यासारखं लिहिलं. रोज संध्याकाळी नवा प्रसंग बायकोला वाचून दाखवायचे, म्हाताऱ्याचा आवाज वेगळा, म्हातारीचा वेगळा, गिऱ्हाईक आलं की दाराची करकरसुद्धा तोंडाने. बायको भाजी निवडत ऐकायची आणि शेवटी "बरंय" म्हणायची.

लिखाण पाठवल्यावर चिमणीने त्यांना ऑफिसात बोलावलं. एका भिंतीला पांढरा फळा, त्यावर रंगीत चिठ्ठ्या, टेबलावर अर्धवट प्यायलेल्या कॉफीचे कागदी पेले. चिमणीने मधलं एक पान काढलं आणि सपाट आवाजात वाचलं.

"'अगं, हे काय! तुझ्या उजव्या हाताच्या पंजावर हा भाजल्याचा केवढा मोठा डाग!' 'काही नाही हो, इस्त्रीचा चटका बसला.' 'एवढा चटका बसला तरी तुला कळलं नाही? म्हणजे तुझ्या हाताची संवेदना गेली की काय?'"

तिने पान खाली ठेवलं. "काका, डाग पडद्यावर दिसतोय. या भिंतीएवढा दिसणार आहे."

"हो."

"मग तो सांगतोय कुणाला?"

काका ते पान उचलून पाहू लागले.

"सगळेच असं बोलतात," चिमणी म्हणाली. "ज्याच्या मनात जे आहे ते तो बोलून मोकळा. एकही माणूस काही शिल्लक ठेवत नाही." तिने खणातून एक पेनड्राइव्ह काढून त्यांच्यापुढे सरकवला. "यात चित्रपट आहेत. बघा. फक्त बोलणं बघा, लोक काय बोलतात आणि काय बोलत नाहीत. मग पुन्हा लिहा. आणि काका..." ती खिडकीकडे पाहायला लागली. "नाही जमलं तर मला दुसरं कुणी बघावं लागेल. निर्माते मागे लागलेत."

ज्या पोरीला आपण 'म्याऊ' नीट म्हणायला शिकवलं, तिने हे सांगावं! काका पायीच घरी आले. वाटेत राग आला, मग लाज वाटली, आणि जिना चढेपर्यंत दोन्ही मिळून नुसता थकवा उरला.

पण माणूस कामाला चुकणारा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कॉम्प्युटरसमोर ठाण मांडलं. चित्रपट लावायचा, थांबवायचा, वाक्य उतरवायचं, पुन्हा लावायचा. पानं भरली. वाचायला गेलं की हाती काही लागेना. जेवलास? हं. दादा आला होता. बरं. निघू? नीघ.

"याचे पैसे घेतात हे लोक?" ते बायकोला म्हणाले. "हे तर मी शिंकता शिंकता लिहीन."

"मग लिहा की," बायको म्हणाली.

त्यांनी लिहिलं. भाजलेल्या हाताच्या प्रसंगातली अर्धी वाक्यं कापली, उरलेली आखूड केली, आणि एका मंगळवारी संध्याकाळी बायकोला बसवून वाचून दाखवलं. प्रसंग आता केस कापलेल्या माणसासारखा दिसत होता: वेगळा वाटत होता, पण चेहरा तोच. बायको म्हणाली, "बरंय." काका पुन्हा दुरुस्त्या करत बसले.

त्याच आठवड्यात एका सकाळी बायकोने चहा ओतला तो कपाच्या शेजारी. सांडला नाही, शांतपणे, कप भरेल इतका, ओट्यावर ओतला. काकांनी ते पाहिलं आणि वर्तमानपत्र टाकून तिला घेऊन दवाखाना गाठला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "आतला पडदा सुटलाय. आजच्या आज शस्त्रक्रिया करायला हवी. किती दिवसांपासून असं दिसतंय?"

"झाले थोडे दिवस," बायको म्हणाली.

वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलाकडे पाहावं, तसं डॉक्टरीणबाईंनी काकांकडे पाहिलं. पण धावपळच इतकी होती की त्या नजरेचं काय करायचं हे काकांना सुचलं नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता; तो पडद्याला दाबून धरणार आणि पडदा हळूहळू चिकटणार. मात्र तो बुडबुडा जागेवर राहावा म्हणून तोंड सतत जमिनीकडे हवं. बसताना, जेवताना, झोपतानाही. काकांनी पलंगाच्या टोकाला दोन उशा रचल्या, मधे नाकातोंडाला जागा सोडली. बायको पालथी झोपली आणि खालून तिचा आवाज आला, "इतक्या वर्षांत कधी कुणापुढे मान खाली घालावी लागली नाही. आता फरशीपुढे घालतेय."

पहिला दिवस गाण्यांवर निघाला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बंद करा ते. कान किटले. तुमचे सिनेमे लावा, मी ऐकते."

"तुला काय कळणार? दिसणार तर नाही."

"तुम्ही कशाला आहात? जिथे कळणार नाही तिथे विचारीन."

काकांनी कॉम्प्युटर पलंगाशेजारच्या स्टुलावर आणून ठेवला आणि चित्रपट लावला. पाचेक मिनिटांतच आवाज थांबला. पडद्यावर कुणीच बोलेना.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

काकांना चेव आला. हे तर त्यांचंच मैदान. "एक मोठं स्वयंपाकघर आहे. खिडकीतून तिरपं ऊन येतंय. टेबलाशी राखाडी स्वेटर घातलेला, साधारण पंचेचाळिशीचा, किंचित टक्कल पडलेला एक—"

"स्वेटर राहू द्या. काय झालं?"

"त्याने खुर्ची सरकवली."

"कुणासाठी?"

"बहिणीसाठी."

"बसली का?"

"नाही. उभीच आहे."

"मग असं सांगा की. बहिणीसाठी खुर्ची सरकवली, ती बसली नाही. केवढं मोठं झालं हे! आणि तुम्ही मला टक्कल दाखवताय."

तेव्हापासून दुपारचा हा नेमच झाला. काका पडद्याकडे तोंड करून, बायको फरशीकडे. मधे शांतता पडली की खालून प्रश्न यायचा आणि काकांना एका वाक्यात उत्तर द्यावं लागायचं. दोन वाक्यं झाली तर ती म्हणायची, "गुण कापले." हळूहळू काकांच्या ध्यानात एक गंमत आली. काही चित्रपटांत तिला विचारावंच लागत नसे. सगळं कानांनीच कळायचं, आणि अशा चित्रपटाला तिला अर्ध्यातच डुलकी लागायची. जिथे ती सारखी विचारायची, त्या चित्रपटाला मात्र ती मान अवघडली तरी हलायची नाही.

एक प्रसंग तर काकांनी तीनदा मागे नेऊन लावला. घटस्फोट झालेली बाई जुन्या नवऱ्याच्या घरी आपलं शिवणयंत्र न्यायला आली आहे. तो म्हणतो, "जड आहे." ती म्हणते, "माहितेय." तो म्हणतो, "खालपर्यंत आणून देऊ?" ती म्हणते, "माणूस आणलाय." जरा वेळ काहीच नाही. मग तो पुन्हा, "जड आहे पण."

काका पुढच्या शांततेचं वर्णन करायला सरसावले, तर बायकोनेच त्यांना थांबवलं. "नको. कळलं."

"काय कळलं?"

"तिने जाऊ नये असं वाटतंय त्याला."

"असं तो कुठे म्हणाला?"

"दोनदा म्हणाला की."

काकांनी आपली जुनी टिपणं काढली. हेच वाक्य त्यांनी आदल्या महिन्यात कागदावर उतरवलं होतं आणि पुढे कंसात 'पुनरुक्ती' असा शेरा मारला होता.

त्याच दुपारी त्यांनी आपलं लिखाण काढलं. म्हणाले, "आता माझं ऐक. त्याच नियमाने. कळलं नाही की विचारायचं." आणि सुरुवातीपासून वाचत गेले. चहाची वेळ टळली. खालून एक प्रश्न आला नाही. भाजलेल्या हाताचा प्रसंग संपवून त्यांनी विचारलं, "जागी आहेस ना?"

"आहे."

"मग?"

"एकदाही विचारावं लागलं नाही. तुमचा सिनेमा मला डोळे मिटूनच दिसतो. मग तिकीट काढून डोळे उघडे कशाला ठेवायचे?" थोडं थांबून ती म्हणाली, "मी पोरींना सांगायचे, नुसतं उत्तर लिहू नका, पायऱ्या दाखवा. तुमच्याकडे पायऱ्याही आहेत, उत्तरही आहे, आणि खाली पुन्हा ताळाही करून दाखवलाय. आम्ही करायचं काय?"

काकांना लागलं. "पण ती बाई दुखणं लपवते, ते तरी जमलंय की नाही?"

"लपवणारी बाई एवढं बोलत नाही."

"तुला काय माहीत?" काका फटकन बोलून गेले.

बायकोचं डोकं उशांमध्ये होतं, दिसत होते ते फक्त केस आणि मानेवरचा घाम. आणि काकांना डॉक्टरीणबाईंची ती नजर आठवली.

"थोडे दिवस म्हणालीस तू दवाखान्यात," ते हळू आवाजात म्हणाले. "थोडे म्हणजे किती?"

"मंगळवारपासून. आधी ठिणग्या दिसायच्या. मग एका कडेने काळं यायला लागलं."

"मंगळवारी मी घरीच होतो. संध्याकाळी तर समोरच बसलो होतो."

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही वाचत होतात."

आधण आलंय असं सांगावं, तशा आवाजात तिने हे सांगितलं. "मला थांबवायचं मधे," ते म्हणाले.

"थांबवलं असतं तर तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली असती."

"बरं, बुधवारी?"

"बुधवारी तुम्ही दुरुस्त्या करत होतात."

काका उठून स्वयंपाकघरात गेले. चहाचं पाणी ठेवलं आणि त्याच्याकडे पाहत उभे राहिले. आपण मंगळवारी काय वाचत होतो हे त्यांना पक्कं आठवत होतं. दुखणं लपवणाऱ्या बाईचा प्रसंग वाचत होतो, आवाज बदलून, हातवारे करून, आणि समोर बसलेल्या बाईला त्या वेळी आपला अर्धाच चेहरा दिसत होता. पाणी आटून गेलं. त्यांनी पुन्हा ठेवलं. चहा नेऊन दिला तेव्हा तिला पिता यावा म्हणून नळीही आणली होती. दोघंही त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत.

पण तिचं ते वाक्य काही काकांच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी काका टेबलाशी बसले आणि तो प्रसंग एका बैठकीत लिहून झाला. लाँड्रीत बायको इस्त्री करते आहे. नवरा स्टुलावर बसून तिला रोजच्यासारखं वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवतो आहे. मान वर करतो, तिचा हात दिसतो. विचारतो, "सांगितलं का नाहीस?" ती म्हणते, "तुम्ही वाचत होतात." संपलं. इतकं चांगलं आपण कधीच लिहिलेलं नाही हे त्यांना कळत होतं, आणि म्हणूनच ते पान त्यांनी कुणाला दाखवलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी बायकोला मान वर करायची परवानगी दिली. डोळ्यातला बुडबुडा अजून पुरता विरला नव्हता. पाण्यात बुडून पाहावं तसं तिला दिसत होतं. घरी आल्यावर ती खुर्चीत सरळ बसली आणि म्हणाली, "वाचा. नवीन काहीतरी लिहिलंय तुम्ही. चार दिवस माझ्याशी फार गोड वागताय."

काकांनी वाचलं. आवाज न बदलता वाचलं.

ती खुर्चीत जरा पुढे सरकली. मग म्हणाली, "हे माझं आहे."

"हो."

"विचारलं नाहीत."

"नाही." काका पुढे म्हणायला गेले, "लिहिणाऱ्या माणसाला कसं असतं—"

"थांबा. मी ते तुम्हाला सांगितलं होतं. गावभर सांगितलं नव्हतं."

"काढून टाकतो. आत्ता काढतो."

त्यांनी पान खरंच फाडायला घेतलं होतं. बायकोने हात पुढे करून, अंदाजानेच, ते त्यांच्या हातातून घेतलं आणि मांडीवर सरळ केलं. जरा वेळाने म्हणाली, "वाईट हे आहे की चांगलं झालंय." आणि आणखी जरा वेळाने, "भाजलेला हात त्याला द्या."

"कुणाला?"

"नवऱ्याला. इस्त्री तो करेल. पेपर बाईच्या हातात द्या, तिला वाचू दे मोठ्याने. एकदा पुरुषाला गप्प बसवून बघा. तुमच्या एकाही नाटकात पुरुषाने काही लपवल्याचं मला आठवत नाही. खून केला तरी येऊन सांगतो."

काकांना हसू आलं, पण ते हसले नाहीत. कारण ती हसत नव्हती.

गप्प पुरुष लिहिणं हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात कष्टाचं काम ठरलं. म्हाताऱ्याने तोंड उघडलं की तो सगळं ओकायचा. काकांनी त्याला वाक्यामागून वाक्य नाकारलं, तसा तो काहीबाही करू लागला. इस्त्री डाव्या हातात घेऊ लागला. उकाड्यात बाह्या खाली सोडू लागला. कोळशाची वेळ नसताना दुकानाबाहेर जाऊन उभा राहू लागला. मग काकांना आठवलं की इस्त्री विजेची आहे, म्हणून ते काढलं. आणि एका सकाळी म्हाताऱ्याने कुणाचीतरी रेशमी साडी बायकोपुढे सरकवली.

"हे रेशमी तू कर."

"का?"

"तुझा हात हलका आहे."

ती खूश होते, पदर खोचते आणि साडी घेते. तो आपला हात पाठीमागे नेतो.

हे वाक्य कुठून आलं ते काकांना कळलं नाही. ते कुणी त्यांना म्हटलं नव्हतं, त्यांनी कुठे ऐकलं नव्हतं. ते उठले, घरभर एक फेरी मारली, पुन्हा येऊन वाचलं. वाक्य जागेवरच होतं.

चिमणीला सगळं पाठवलं. दोन दिवसांनी तिचा फोन आला. "काका, बाईचं दुखणं पुरुषाला दिलंत? मला न विचारता?"

"विचारून दिलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते." पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. "तुझा हात हलका आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "किती गोड खोटं बोलतो हो हा माणूस. करू आपण हे."

शूटिंगला काका रोज जात. म्हाताऱ्याच्या भूमिकेत रंगभूमीवरचे एक नामांकित नट होते, भारदस्त आवाजाचे. वर्तमानपत्राच्या प्रसंगाला त्यांनी संवादाचा कागद हातात धरून काकांना बाजूला घेतलं.

"तू वाचत होतीस. एवढंच?"

"एवढंच."

"लोकांना वाटेल मी पुढचं विसरलो. एखादं वाक्य द्या हो. 'तुला काळजी वाटली असती गं,' असं काहीतरी. मी ते असं म्हणेन की थिएटर रडेल."

"तुम्ही म्हणाल तर रडेलच," काका म्हणाले. "काही महिन्यांपूर्वी मी स्वतः तुम्हाला पानभर लिहून दिलं असतं. आता देत नाही."

नट रुसले. चिमणीने मधला मार्ग काढला आणि दोन्ही तऱ्हांनी प्रसंग घेतला. काळजीच्या वाक्याला नटांचा आवाज असा काही कापला की लाइटवाल्यांनी नाक ओढलं. काकांनी मनाशी म्हटलं, संपलं, आता हेच ठेवणार.

संकलनाच्या खोलीत चिमणीने त्यांना बोलावलं तेव्हा ते तयारीनेच गेले. खोलीला खिडकी नव्हती, भिंतींना काळा स्पंज लावला होता.

"बसा, काका. आधी बघा, मग भांडा."

पडद्यावर म्हातारी वाचत होती. मान वर केली, हात पाहिला. "सांगितलं का नाहीत?" म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या हातातल्या वर्तमानपत्राकडे पाहिलं. मग तिनेही खाली पाहिलं. हळूच त्याची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि पुढचा प्रसंग सुरू झाला.

"वाक्य?" काका म्हणाले.

"काढलं."

"दोन्ही?"

"दोन्ही. गरजच नाही पडली."

काकांचा आवाज चढला. "अगं, त्या वाक्यासाठी अख्खा प्रसंग उभा आहे! ते वाक्य कुठून..." इथे ते अडले. ते वाक्य कुठून आलं हे सांगण्यासारखं नव्हतं. "पुन्हा लाव," ते म्हणाले.

तिने पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी काकांनी डोळे मिटून पाहिलं: एक प्रश्न, आणि मग नुसती कागदाची सळसळ. डोळे उघडले तर चिमणी त्यांच्याकडेच पाहत होती.

"ठीक आहे," काका म्हणाले. "पण मला आवडलेलं नाही, हे लक्षात ठेव."

"तुम्हाला आवडलंय, काका."

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. तिचा डोळा आता बराच निवळला होता. दिसत होतं, फक्त सरळ रेघा वाकड्या दिसायच्या. दाराच्या चौकटीला पोट आलंय असं ती म्हणायची. ती ऐकत राहिली.

"म्हणजे नाहीच ते कुठे?"

"नाही."

"आणि तुमचं ते हलक्या हाताचं?"

"ते आहे."

"वा," बायको म्हणाली. "माझं गेलं आणि तुमचं राहिलं." काकांना वाटलं ती चेष्टा करते आहे. पण तिचा चेहरा खरंच उतरला होता. "नको नको म्हटलं खरं," ती म्हणाली, "पण मनात धरलं होतं की थिएटरात एकदा ऐकू येईल. जाऊ दे."

काकांनी तिची समजूत घातली नाही. तिच्या शेजारी बसून राहिले. थोड्या वेळाने तीच उठली आणि भाजी निवडायला घेतली.

चित्रपट लहान थिएटरांत लागला, बऱ्यापैकी चालला आणि उतरला. एका वर्तमानपत्राने संवाद 'मोजके आणि नेमके' असल्याचं छापलं. जुन्या केंद्रावरच्या एका मित्राचा फोन आला, "काका, तुमचं नाव पाहिलं हो पडद्यावर. पण तुम्ही लिहिलेलं काही ऐकू आलं नाही." काकांनी ही तक्रार आनंदाने सगळ्यांना सांगितली. त्यानंतर एका वेगळ्याच निर्मात्याने त्यांना बोलावलं. आता गोष्ट पोहणं शिकवणाऱ्या बाईची होती, आणि काकांना पाण्याचं काडीइतकंही ज्ञान नव्हतं.

म्हणून ते सकाळी तरणतलावावर जाऊन बसू लागले. बायकोही बरोबर यायची. पायऱ्यांवर बसायचं आणि लोक काय बोलतात ते ऐकायचं. पाण्यातल्या औषधाचा उग्र वास, ओल्या फरशीवर चपलांचा फटफटाट, शिट्टी. शिकवणारी बाई कोरडी ठणठणीत काठावर उभी राहून ओरडायची, "श्वास सोड! धरून काय ठेवलायस?" पाण्यात तिच्याच वयाची एक बाई दांडा घट्ट धरून उभी होती आणि सोडायला तयार नव्हती.

"नवऱ्याला सांगून आलेय मी अर्ध्या तासात येते म्हणून," पाण्यातली बाई म्हणाली.

"मग सोडा दांडा," काठावरची म्हणाली. "दहा मिनिटं यातच गेली."

काका खिशात कागद शोधू लागले. बायको पुढे झुकून पाण्याकडे पाहत होती.

"अहो," ती म्हणाली. "मला शिकायचंय हे."

"काय? पोहायला?"

"डोळ्यांच्या डॉक्टरांना परवाच विचारलं मी. पोहण्याचा चष्मा लावून चालेल म्हणाल्या, उडी मात्र मारायची नाही."

"मला बोलली नाहीस ते!"

"आता बोलतेय ना. प्रवेश कुठे घ्यायचा ते विचारून या. बायकांची वेळ सकाळचीच बघा, आणि ही ओरडणारीच बाई हवी म्हणावं."

काकांना पाण्यातल्या त्या बाईचं पुढचं बोलणं ऐकायचं होतं. तिने नुकताच एक हात दांड्यावरून सोडला होता आणि ती काहीतरी पुटपुटत होती. पण ते उठले, ओल्या फरशीवर जपून पावलं टाकत प्रवेशाच्या खिडकीपाशी गेले आणि रांगेत उभे राहिले.